देव्हाऱ्यातला घोडेस्वार

पदक घासणाऱ्या माणसाला माझ्या घरात चहा मिळत नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. एकदा माझ्या नणंदेच्या नवऱ्याने, मी आत चहा टाकत असताना, टेबलावरचं एक जुनं ब्राँझचं पदक उचललं, खिशातल्या रुमालाने खसाखसा पुसलं आणि वर मलाच ऐकवलं, ‘बघा वहिनी, कसं चकाचक केलं!’ शंभर वर्षं लागली होती त्या धातूवर तो तपकिरी रंग चढायला. ह्याने अर्ध्या मिनिटात वाट लावली. पाहुणा म्हणून मी तोंड आवरलं, पण गॅस बंद केला तो केलाच. नणंद ते अजून बोलून दाखवते.

मी मुलुंडला राहते. इथल्याच एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला, लागले आणि तिथूनच रिटायर झाले, त्यामुळे बारीक रेषा बघायची डोळ्यांना सवय आहे. जुनी लष्करी पदकं आणि बिल्ले जमवायला लागून तीस वर्षं झाली. बाईमाणूस पदकं जमवतं म्हटल्यावर लोक आधी विचारतात, मिस्टर मिल्ट्रीत होते का? मिस्टर विम्याच्या ऑफिसात होते. प्रदर्शनात गेलं की स्टॉलवाले माझ्या खांद्यावरून मागे बघतात, कुणी पुरुष येतोय का म्हणून. मग म्हणतात, ‘मॅडम, जुने दागिने त्या बाजूला.’ अरे, दागिने तुझ्या बायकोला दाखव! मला कड दाखव, कड.

कारण पदकाचं खरं बोलणं कडेवर असतं. पुढे राजाचं तोंड, मागे काहीतरी चित्र, हे कुणालाही दिसतं. पण इंग्रजांच्या काळातल्या लढाईच्या पदकांच्या जाडीवर, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा बारीक अक्षरांत, ज्याला ते दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. राजे काय, नाण्यांवरही असतात. तो एक माणूस फक्त त्या एकाच कडेवर असतो. आणि लोक घासतात काय? तर कड!

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक काका राहतात. चौऱ्याऐंशीचे आहेत, मूळचे तळकोकणातले, आयुष्य गेलं परळच्या गिरणीत. मुलगा कामानिमित्त सतत बाहेरगावी, त्यामुळे घरात बहुतेक वेळ काका आणि त्यांची सून. मी त्यांच्या डोक्यावर दोन मजले सोडून सव्वीस वर्षं राहतेय. हा आकडा लक्षात ठेवा, मला त्याची लाज वाटते.

तर हे काका मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आले आणि दारातच म्हणाले, ‘गो बाय, तू ते लढाईचे बिल्ले जमवतंस ना? मग माझ्या आज्याचो पुरावो शोधून दी.’

त्यांच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, कोकणातल्या प्रत्येक गावाचं असतं तसं. त्या मंडळाने ठरवलं होतं की पहिल्या महायुद्धात गावातून जे गेले त्यांच्या नावांचा एक दगड गावच्या शाळेसमोर उभा करायचा. काकांचा आजोबा तेव्हा घरातून गेला तो परत आलाच नाही. काका म्हणतात लढाईला गेला. भावबंद म्हणतात, कसली लढाई, बायको-पोर टाकून मुंबईला पळाला, दुसरं घर केलं असणार. आजी तेव्हा विशीतली, पदरात काकांचे वडील. तिने मरेपर्यंत ते ऐकलं. पाण्यावर गेली तरी, लग्नात गेली तरी. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हेही बायकांना ठरवता येईना, कारण नवरा मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. शेवटी शेवटी तीही म्हणायला लागली, ‘पळालो तो, पळपुटो.’ काकांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता दगड होतोय तर त्यावर आज्याचं नाव यावं आणि आजीवरचं ते बोलणं पुसलं जावं, एवढंच ह्या माणसाला मरायच्या आत हवं होतं. मंडळ म्हणालं, पुरावा आणा.

मी कागद विचारले. नाहीत. पत्र? नाही. फोटो? त्या घरात तेव्हा आरसा नव्हता, फोटो कुठला! मी माझ्या परीने दोन महिने शोधलं आणि हात टेकले. काकांना तसं सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी खाली शेवग्याच्या शेंगा द्यायला गेले. सुनेने देव घासायला काढले होते. ताम्हणात चिंचेचा कोळ, त्यात सगळा देव्हारा गळ्यापर्यंत बुडालेला, आणि ही एकेक टाक उचलून रांगोळीने घासतेय. टाक म्हणजे देवाचा उठावाचा चांदीचा पत्रा, आपल्याकडे घरोघर असतो. तिच्या हातात खंडोबा होता. गोल, जाड, घोड्यावर बसलेला. तिने तो पाठ घासायला उलटा केला आणि पाठीवर मला एक डोकं दिसलं. दाढीवालं, डावीकडे बघणारं.

‘थांब!’ मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातून तो ताम्हणात पडला. ‘अगं हा खंडोबा नाही! हा इंग्लंडचा राजा आहे!’

‘काय बोलताय ताई! देवाबद्दल असं?’

‘सोड ती रांगोळी आधी! सोड म्हणते ना!’

पहिल्या महायुद्धाचं पदक होतं ते. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा पुरुष, खाली तुडवलेली ढाल. मी तसली डझनभर हाताळली आहेत. वरची अडकवायची पट्टी कुणीतरी कापून टाकली होती, तेवढ्यामुळे ते टाकासारखं दिसत होतं. काका बाहेर आले. ते सांगायला लागले तेव्हा सगळं जुळलं. आज्याला जाऊन काही वर्षं झाल्यावर पोस्टाने एक डबी आली होती, इंग्रजी चिठ्ठीसकट. चिठ्ठी वाचायला गावात कुणी नव्हतं, ती चुलीत गेली की पावसात, कुणास ठाऊक. आजीचं माहेर घाटावरचं, खंडोबा तिचा माहेरचा देव. तिने घोडा बघितला आणि म्हणाली, माझा देव माझ्या मागे आला. सोनाराकडून वरची दांडी काढवून घेतली आणि देव्हाऱ्यात बसवला. तेव्हापासून त्याला रोज आंघोळ, हळद-कुंकू, आणि सणाला चिंच. पुढच्या पिढ्यांनीही खंडोबाच समजून पुजला. देवाच्या अंगावर कपडा नाही हे कुणाच्या लक्षात आलं नसेल का? आलं असेल, पण देवाला कोण विचारणार!

सव्वीस वर्षं! दर वर्षी मी त्या घरात गणपतीला गेले, देव्हाऱ्यासमोर हात जोडले, आणि मी, भिंग पर्समध्ये घालून फिरणारी मी, एकदाही डोळे उघडे ठेवले नाहीत.

आता माझी चूक ऐका. आनंदाच्या भरात मी काकांना सांगून बसले, ‘चांदीचं आहे काका! चांदीचं पदक शिपायाला द्यायचे. तुमचा आजा पलटणीत होता!’ काका लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी पहिला फोन मंडळाच्या अध्यक्षांना लावला. मी दुसऱ्या लोकांना तीस वर्षं बजावत आलेय, आधी वजन करा, मग कड वाचा, मग तोंड उघडा. स्वतः मात्र काहीच न करता तोंड उघडलं. कडेवर शंभर वर्षांची हळद आणि तेल बसून काळी पुटं चढली होती, आत्ता घाईत खरवडायला नको म्हणून मी ती तशीच ठेवली. चांदीसारखं दिसतंय, देव्हाऱ्यात आहे, म्हणजे चांदीच, असं मी धरून चालले. काय म्हणावं ह्या शहाणपणाला?

मंडळाला जाणकाराचा दाखला हवा होता, आणि माझ्यासारख्या बाईचा चालणार नव्हता. म्हणून मी काकांना रिक्षात घालून घाटकोपरच्या एका हॉलमध्ये नेलं. तिथे नाणी आणि पदकांचं प्रदर्शन होतं आणि ह्या विषयातले मोठे समजले जाणारे एक गृहस्थ बसले होते. स्टॉलवाले त्यांना सर म्हणतात, मीही म्हणायचे. सरांनी पदक घेतलं, तळहातावर एकदा उडवलं आणि मी ‘अहो’ म्हणायच्या आत खिशातला चाकू काढून कडेवर सरकन ओढला.

चाकू! ज्या कडेवर माणूस असतो त्या कडेवर!

ओरखड्यात तपकिरी धातू दिसला. ‘ब्राँझ,’ सर म्हणाले. ‘वरून चांदीचा मुलामा मारलाय कुठल्यातरी सोनाराने. मॅडम, एवढी वर्षं ह्यात आहात, तुम्हाला माहीत नाही? चांदी शिपायाला. ब्राँझ हमाल, भिस्ती, झाडूवाले वगैरे बाजारबुणग्यांना.’ आणि मोठ्याने हसले. आजूबाजूचे चार जणही हसले. काका शर्टाचं वरचं बटण लावून उभे होते, खास प्रदर्शनाला यायचं म्हणून इस्त्री केलेला शर्ट, आणि त्यांना कळेना आपण हसायचं की नाही.

मग सरांनी आवाज खाली आणला. ‘आजोबांना दगडावर नावच हवंय ना? ठेवून जा. कड मशीनवर घासून साफ करतो, त्यावर शिपाई म्हणून नाव कोरून देतो, वरती चांदी चढवतो. दाखलाही देईन. गावातल्या लोकांना काय कळणार आहे?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आतापर्यंत ह्याच्या दाखल्यावर लोकांनी काय काय घेतलं असेल! मी ते पदक त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. ‘सर, ज्याचं नाव कडेवर आहे त्याने हे पाठीवर ओझी वाहून मिळवलंय. तुम्ही काय वाहिलंत? चाकू?’ नंतर मला कळलं की त्या प्रदर्शनवाल्यांनी मला पुढच्या वेळी बोलवायचं नाही असं ठरवलंय. नका बोलवू. खड्ड्यात गेलं तुमचं प्रदर्शन.

रिक्षा भांडुपला आली तेव्हा काका म्हणाले, ‘तो म्हणता तसा केला तर काय बिघाडता गो? नाव तर येतला.’

मला राग आला असता, पण कुणावर येणार? मीच शिपाई म्हणून सांगितलं होतं. फोन मीच करू दिला होता. मी म्हटलं, ‘काका, पदक तुमचं आहे. तुम्ही म्हणाल ते. फक्त घासायच्या आधी एकदा मला वाचू द्या. तो कोण होता ते तरी बघू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी, चांगल्या उजेडात बसून मी लाकडी टूथपिकने त्या कडेवरची हळद भिजवून भिजवून काढली. काका शेजारी स्टुलावर, सून दारात. आणि मग एक गोष्ट दिसली जी मी ह्याआधी कुठल्याच पदकावर पाहिली नव्हती. शंभर वर्षं न्हाऊ घालताना कड बोटांत धरून धरून तिच्यावरचा मुलामा झिजला होता, पण अक्षरं खोल ठोकलेली, त्यांच्या तळाशी तो टिकला होता. तपकिरी कडेवर पांढरी अक्षरं. काही अर्धी, एक आकडा तर सरांच्या चाकूखाली कायमचा गेलेला, पण बाकीचं लख्ख.

‘वाच गो,’ काका म्हणाले. ‘काय आसा ता वाच.’

मी नंबर वाचला. मग हुद्दा. इंग्रजीत होता, सहा अक्षरं. कुली. मग नाव वाचलं, साहेबी स्पेलिंगमध्ये वेडंवाकडं, पण त्यांच्या आज्याचं आणि त्याच्या बापाचं. शेवटी हमालांच्या तुकडीचा नंबर. मी सांगितलं की ह्या तुकड्या इथून बोटीने परदेशी नेल्या होत्या. धान्याची पोती, दारूगोळा, जखमी माणसं, सगळं ह्यांच्या पाठीवर. तो तिकडे मेला की जगला हे पदक सांगत नाही. पण तो पळाला नव्हता, हे मात्र पदक सांगतं.

काकांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नाही. ‘कुली म्हंजे हमालच ना?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘मग मी गिरणीत काय करी होतंय? गठ्ठेच उचली होतंय ना? घासू नको काय. तसाच ऱ्हवांदे.’

मंडळाची सभा भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी पदक, भिंग आणि कडेचे मोठे करून छापलेले फोटो घेऊन गेले. अध्यक्ष कुठल्यातरी ऑफिसातून साहेब होऊन रिटायर झालेले. त्यांनी फोटो बघितले आणि काकांकडे न बघता मला म्हणाले, ‘बरोबर आहे हो, पण हा वीर जवानांचा दगड आहे. फोनवर तर ह्यांनी शिपाई सांगितलं होतं. आज हमाल घातला तर उद्या कुणी धोब्याचं नाव घेऊन येईल.’

‘मग घाला ना!’ मी म्हटलं. ‘शिपाई काय उपाशीपोटी बंदूक चालवत होते? ती पोती बोटीतून कुणी उतरवली? शिपाई असं ह्यांना मी सांगितलं, ती माझी चूक. त्याबद्दल मला बोला. त्या माणसाला कशाला पुन्हा गावाबाहेर काढताय? एकदा काढलात ना शंभर वर्षं!’

‘ताई, तुम्ही आमच्या गावच्या नाही.’

‘नाही ना! म्हणून तर मला वाचता आलं!’

गलका सुरू झाला. तेवढ्यात काका उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे ते पूर्ण उभे राहीपर्यंत हॉल आपोआप गप्प झाला होता. ते म्हणाले, ‘जेंच्या बापाशीन नायतर आज्यान कधी बोजो उचलूक नाय, तेनी हात वर करा.’

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. कुणी गिरणीवाल्याचा मुलगा, कुणी गोदीवाल्याचा नातू. एकही हात वर झाला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग म्हणाले, ‘ठीक आहे, नाव घालू. हुद्दा नको, नुसतं नाव.’

‘हुद्द्यासकट,’ काका म्हणाले आणि खाली बसले.

दगड झाला. गावाहून कुणीतरी फोटो पाठवला, तो सुनेने मोबाइलवर मोठा करून दाखवला. आठ नावं शिपायांची, आणि सगळ्यात खाली, थोडी जागा सोडून, बारीक अक्षरांत काकांच्या आज्याचं नाव. पुढे कंसात, कुली. माझं डोकं पुन्हा फिरलं. ‘बारीक का? दगड संपला होता का? आत्ता फोन लावते त्या अध्यक्षांना!’

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. ते देव्हाऱ्याकडे बघत होते. पदक पुन्हा आपल्या जागी बसवलं होतं, घोडेस्वाराची बाजू पुढे. सुनेने सांगितलं, आता त्याला चिंच लावत नाही, नुसतं फूल.

‘बाय,’ ते म्हणाले, ‘माझी आजी रोज सकाळी उठून तेकाच न्हाऊ घाली होती. स्वतःच्या हातान पुशी, कुंकू लावी. आणि मग दिसभर तेकाच पळपुटो म्हणान शिव्या घाली.’

मी फोन खाली ठेवला.

‘कोणीतरी तिका वाचून दाखवूक व्हया होता गो,’ काका म्हणाले.